शाळेतल्या मोडक्या बॅटचं तंतुवाद्य केलं, त्याची सगळी हकीकत

जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ ह्या काळात मी एका जुन्या क्रिकेट बॅटपासून तीन तारांचं वाद्य बनवलं. मांडीवर आडवं ठेवायचं, डाव्या हातात लोखंडी स्लाइड, म्हणजे तारेवर सरकवायची नळी, धरायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. वाजतंय छान, सुरात राहतंय, आणि आता शाळेत मुलं मधल्या सुट्टीत त्यावर भूपाचे स्वर शोधत बसतात. सुरुवात करताना मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं. परदेशात लोक सिगारच्या लाकडी डब्यांची गिटार करतात, त्याची भरपूर माहिती आहे पण ते डबे आपल्याकडं मिळत नाहीत, बॅट मात्र प्रत्येक शाळेच्या क्रीडा खोलीत चार-पाच तरी मोडक्या पडलेल्या असतात. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहितेय, कागदपत्रांसकट.

मी कराडजवळच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीला ध्वनीचा धडा आहे, त्यात तारेची लांबी आणि स्वराची उंची मुलांना कानाने कळावी असं फार वर्षं मनात होतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर क्रीडा खोली आवरताना ही बॅट हातात आली. काश्मीर विलोची, खालचं टोक ओल धरून फुगलेलं आणि उभं चिरलेलं, बाकी पातं मात्र धडधाकट. क्रीडाशिक्षक म्हणाले, "मॅडम, न्या की, तशीही भंगारात जायची आहे."

तर पहिली सूचना हीच, शाळेची, कॉलेजची किंवा क्लबची वस्तू असेल तर ती तशी उचलून नेऊ नका. शाळेतली प्रत्येक बॅट जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते, आणि ऑडिटला ती कमी दिसली की आमच्या भाऊसाहेबांना, म्हणजे शाळेच्या लिपिकांना, उत्तर द्यावं लागतं. त्यांनीच मला नीट समजावलं की आधी निर्लेखन, म्हणजे निकामी म्हणून नोंदवहीतून कमी करणं, करून घ्या, मग वस्तू बाहेर काढा. त्यासाठी एक तक्ता भरावा लागला: वस्तूचं नाव, नोंदवहीतलं पान आणि अनुक्रमांक, खरेदीची तारीख, मूळ किंमत, सध्याची अवस्था, निर्लेखनाचं कारण. खरेदीची तारीख शोधायला जुन्या पावत्यांची फाइल काढावी लागली, त्यात एक दुपार गेली. एकट्या बॅटसाठी कुणी समितीची बैठक लावत नाही, म्हणून क्रीडा खोलीतल्या सगळ्याच निकामी वस्तू, फाटलेली जाळी, वाकलेले भाले, बिनदोऱ्यांच्या रॅकेटी, एकाच यादीत घातल्या. ही युक्ती भाऊसाहेबांची, आणि त्यामुळे काम पुढं सरकलं. जुलैत समितीने पाहणी केली, ऑगस्टमध्ये संस्थेच्या सभेत ठराव झाला, आणि मग भंगाराच्या भावाने ५० रुपये भरून पावती घेतली. गणपतीच्या आधी बॅट माझ्या घरी आली. हा काळ वाया गेला असं मला वाटत नाही, कारण तेवढ्यात मी आराखडा शांतपणे करू शकले.

बॅटचं वाद्य करताना काय अडचणी असतात ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक तर बॅटचा दांडा सलग लाकडाचा नसतो, वेताच्या पट्ट्या आणि मधे रबर असं ते असतं, चेंडूचा झटका हातात येऊ नये म्हणून मुद्दाम लवचिक ठेवलेलं. तारा त्या दांड्यापर्यंत ताणल्या तर दांडा लवत राहणार आणि सूर उतरत राहणार. इंटरनेटवरच्या बऱ्याच बॅट-गिटारींमध्ये दांडा कापून त्याजागी खरी गिटारची मान बसवलेली दिसते, ते काम सुताराशिवाय होत नाही. मी ठरवलं की तारांचा सगळा ताण फक्त पात्यावरच घ्यायचा आणि दांडा, त्याच्या रबरी ग्रिपसकट, जसाच्या तसा ठेवायचा. वाजवताना तो उजव्या कोपराखाली येतो आणि वाद्य हलत नाही.

दुसरं म्हणजे विलो फार मऊ. बॅट बनवताना तिचा दर्शनी भाग दाबून घट्ट केलेला असतो, पण आत स्क्रू नुसता पिळला तर लाकूड त्याला धरत नाही. मी कापलेल्या टोकाच्या तुकड्यावर आधी हे तपासून घेतलं, स्क्रू चार वेळा आतबाहेर केला की भोक मोकळं. म्हणून जिथं जिथं ताण येणार तिथं सागवानाची पट्टी चिकटवायची आणि स्क्रू त्या पट्टीतून खाली न्यायचे. सुतारमामांकडे दाराच्या चौकटीचे उरलेले सागवानी तुकडे होते, ते त्यांनी असेच दिले.

तिसरी गोष्ट तेल. बॅटला वर्षानुवर्षं जवसाचं तेल पाजलेलं असतं, आणि तेलकट लाकडावर फेव्हिकॉल धरत नाही. जिथं काही चिकटवायचंय तिथं खालचं कोरं, पांढरट लाकूड दिसेपर्यंत घासायचं. आमच्या बॅटवर पुढून प्लॅस्टिकची पारदर्शक शीटही होती, ती हेअर ड्रायरने गरम करत हळूहळू ओढली की निघते. चेंडूचे लाल डाग मी ठेवलेत. घासून गेले असते, पण मुलांनी "मॅडम ते राहू द्या" म्हणलं.

आता मापं. पूर्ण मापाच्या बॅटचं पातं साधारण ५५-५६ सेंमी भरतं आणि रुंदी नियमाने १०.८ सेंमीपेक्षा जास्त असू शकत नाही. चिरलेलं टोक दोनेक सेंमी कापून टाकल्यावर तारेच्या वाजत्या भागासाठी मी ४५ सेंमी लांबी घेतली, आणि उरलेल्या जागेत टोकाकडे खुंट्या, दांड्याकडे घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, आणि तारा अडकवायची पट्टी. ४५ का, तर भागाकार सोपा. षड्जाच्या कंपनसंख्येच्या मानाने शुद्ध रे ९/८, ग ५/४, म ४/३, प ३/२, ध ५/३, नी १५/८ असं धरलं तर खुंट्यांकडच्या पट्टीपासून रे ५ सेंमीवर येतो, ग ९ वर, म ११.२५, प १५, ध १८, नी २१ आणि तार षड्ज बरोबर अर्ध्यात, २२.५ वर. नववीच्या मुलांनी हे फळ्यावर स्वतः काढलं, पट्टीने खुणा केल्या, आणि नंतर त्या खुणांवर स्लाइड ठेवून ऐकलं. एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली की ९ सेंमीवरचा गंधार आमच्या हार्मोनियमच्या गंधारापेक्षा थोडा खाली लागतोय. हिशोब केला तर हार्मोनियमचा गंधार ह्या तारेवर ९.२८ सेंमीला येतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तीन मिलिमीटरसुद्धा फरक नाही, पण मुलांच्या कानाला तो कळला. माझ्या दृष्टीने एवढ्यासाठीच हे वाद्य करणं सार्थकी लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत सुतारकाम केलं. खुंट्या म्हणून अकूस्टिक गिटारच्या, एका पट्टीवर तीन असतात तशा घेतल्या. जोडी ३२० रुपयांना मिळाली, त्यातली एकच पट्टी लागते, दुसरी पुढच्या बॅटला. ही पट्टी पात्याच्या टोकाला आडवी, मागच्या बाजूने बसवली, म्हणजे पिळायची बोंडं टोकातून बाहेर येतात आणि तार गुंडाळायच्या दांड्या पुढच्या बाजूला. त्यासाठी टोकाकडचा मागचा भाग कानशीने दीड सेंमी जाडीपर्यंत उतरवावा लागला. भोकं पाडताना मागून सागवानाचा तुकडा शिकंज्यात घट्ट दाबून ठेवा, नाहीतर विलोच्या चिरफळ्या उडतात. दांड्याकडच्या बाजूला पितळी अँगल सागवानी पट्टीवर चार स्क्रूंनी बसवला आणि त्यात तारांसाठी तीन भोकं पाडली. खुंट्यांच्या अलीकडे, तारा ज्यावरून जातात ती पट्टी सागवानाचीच, तीन खाचा पाडून.

तारांचं गणित जरा बघून केलं. गिटारचा अकराचा (सगळ्यात बारीक तार ०.०११ इंचाची) सेट घेतला, ३८० रुपये, त्यातली पाचवी, चौथी आणि तिसरी तार वापरली, आणि काळी एकच्या स्वरात सा, प, सां असं लावलं. गिटारपेक्षा तार आखूड आहे म्हणून स्वर वर चढवूनही तुटत नाही. तिन्ही मिळून पंचवीसेक किलोची ओढ येते, सागवानी पट्ट्या ती आरामात सोसतात. तरी पहिल्यांदा तार चढवताना एका दिवसात पूर्ण चढवू नका. मी अर्ध्या ताणावर रात्रभर ठेवली, सकाळी जोड बघितले, मग वर नेली. आणि डोळ्यावर चष्मा हवाच, मुलांना जवळ उभं करू नका.

पहिल्या दिवशी आवाज आला तो अगदी बारीक आणि कोरडा. भरीव लाकूड, आत पोकळी नाही, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. आवाज मोठा करायला पिझो, म्हणजे कंपनाची वीज करणारी चकती, लावणार होते, पण स्वरच कोरडा असेल तर मोठा करूनही कोरडाच. तार लगेच मरत होती. आणि ह्या टप्प्यावर मी जे केलं ते मी सगळ्यांना करायला सांगेन, बॅट पिशवीत घातली आणि रेल्वेने मिरजेला गेले.

मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतारी आणि तंबोरे बनतात, २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर, मंगळवेढा भागातून येतात, आणि सतारमेकर गल्लीतून चालताना दुकानांच्या वर ते टांगलेले दिसतात. मला थोडं दडपण होतं, की एवढ्या मोठ्या कारागिरांपुढे बॅट कशी काढायची. एका दुकानात वयस्कर चाचा तंबोऱ्याची घोडी घासत बसले होते. त्यांनी बॅट हातात घेतली, आडवी धरून डोळ्यासमोर नेली, घोडीची जागा अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "ताई, हिला पोट आहे. घोडी डुलणार." खरंच, बॅटचं दर्शनी पातं वरवर सपाट दिसतं पण आडवं बघितलं तर मधे किंचित फुगीर असतं. माझी घोडी दोन्ही कडांना उचललेली होती, तारेचं कंपन लाकडात उतरतच नव्हतं. त्यांनी पाच मिनिटांत रंध्याने तेवढी जागा सपाट केली.

मग त्यांनी विचारलं, उभ्या गिटारसारखी बारीक घोडी कशाला, तंबोऱ्यासारखी रुंद का नाही? मी म्हणलं, स्लाइडने वाजवायचंय. "मग विचित्र वीणा कशी वाजते? तिथंपण गोळाच फिरतो की तारेवर." हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख झालं. मांडीवरच्या गिटारवर रागसंगीत पंडित ब्रिजभूषण काब्रांनी नेलं, पंडित विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला तर १९९४ साली ग्रॅमी मिळालं, हे सगळं मला माहीत होतं, पण घोडीचा विचार मी गिटारवाल्यांचा करत होते.

चाचांनी हाडाची, अडीच सेंमी रुंद घोडी द्यायचं कबूल केलं, जवारीसकट, म्हणजे आवाज खुलेपर्यंत घोडीची वरची बाजू घासून देण्यासकट, ११०० रुपये, पण हातातली कामं संपल्यावर. लग्नसराई आणि संगीत महोत्सवांचे दिवस, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी बोलावलं. थांबा, घाई करू नका, कारण जवारी पोस्टाने होत नाही, वाद्य समोर लागतं.

ती जवारी लावताना मी समोर बसले होते ते जरा सविस्तर सांगते. घोडीची वरची बाजू दिसायला सपाट, पण तिला खालच्या दिशेने इतका हलका उतार असतो की बोटाला कळत नाही. तार त्या उतारावर पसरते, कंप पावताना पृष्ठभागाला चाटत राहते, आणि त्या चाटण्यातून वरचे स्वर फुलतात. चाचा तार छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे, तार बाजूला सरकवून हाडावर उमटलेली चकाकती रेघ बघायचे, त्या रेघेवर बारीक कानस दोन वेळा फिरवायचे, फुंकर मारायची, तार परत जागेवर. पुन्हा छेडायची. सुरुवातीला तार नुसती झणझणत होती, माशी अडकल्यासारखी. हळूहळू ती झणझण पातळ झाली आणि त्यातून खर्जाच्या तारेत स्पष्ट गंधार ऐकू यायला लागला. मंद्रातल्या षड्जात गंधार, मी वर्गात उपस्वर म्हणून शिकवते तोच, बॅटमधून. शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून त्यांनी आवाज नेमका केला. त्यांनी सांगितलं की दोरा गरजेप्रमाणे पुढंमागं करायचा आणि सहा-आठ महिन्यांनी तारेच्या खाचा पडल्या की परत या.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, अशा वाद्यात लाकूड कुठलं आहे ह्यापेक्षा घोडी कशी बसलीय आणि कशी घासलीय ह्यावर खर्च करा. माझ्या एकूण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा घोडीचा आहे आणि तो सगळ्यात योग्य ठिकाणी गेला. मिरज लांब असेल तर तुमच्या गावातला सतार-तंबोरा दुरुस्त करणारा शोधा, भजनी मंडळांना विचारा, त्यांच्याकडे हमखास पत्ता असतो.

जानेवारीत आवाज मोठा करायचं काम. पिझोची २७ मिलिमीटरची चकती पंधरा-वीस रुपयांना मिळाली, माझ्या बहिणीने पुण्याहून तपकीर गल्लीतून पाचसहा एकदम आणल्या, जास्त आणलेल्या बऱ्या, कारण सोल्डरिंग करताना सोल्डरिंगचं गरम टोक जास्त वेळ टेकलं की वरचा चंदेरी थर सुटतो. चकती घोडीच्या पायाखाली, लाकडात तेवढाच उथळ खड्डा करून बसवली. शाळेच्या अँप्लिफायरच्या माईकच्या भोकात थेट लावलं तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. कारण पिझोला पुढच्या सर्किटचा रोध खूप जास्त लागतो, एक मेगाओम किंवा त्याहून वर, माईकच्या इनपुटला तो फारच कमी असतो. टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांनी एका आयसीचं छोटं बफर सर्किट करून दिलं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं. त्यानंतर खर्ज भरून आला. घरघर येत असेल तर शिल्ड असलेली वायर वापरा आणि पितळी अँगल जॅकच्या अर्थला जोडा, तारांना हात लागला की घरघर थांबते. पिझो, जॅक, वायर, सर्किट सगळं मिळून अडीचशेच्या आसपास.

स्लाइड म्हणून गॅरेजवाल्यांकडे मिळतो तो बॉक्स पान्याचा लांब सॉकेट, ९० रुपये. जड आणि गुळगुळीत, तारेवर छान बसतो. बॅटचा कणा मागून उंच असल्याने ती मांडीवर डगमगते, त्यासाठी कण्याच्या दोन्ही बाजूंना चपलेच्या रबराच्या पाचरी चिकटवल्या. गोंद, स्क्रू, अँगल, पॉलिश पेपर तीनशे धरा. सगळा मिळून खर्च अडीच हजाराच्या आत, रेल्वेचं भाडं सोडून.

फेब्रुवारीत वर्गात पहिल्यांदा वाजवलं. हॉकीवाल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, स्टिकचं होईल का?" जुन्या लाकडी स्टिकचं डोकं तुतीचं असतं, आणि अफगाणी रबाबसुद्धा तुतीच्याच लाकडात कोरतात, त्यामुळे लाकूड तर नक्की चांगलं आहे. स्टिक गोल असल्याने घोडीला सपाट बैठक कुठं द्यायची ह्यावर आम्ही सध्या कागदावर काम करतोय, आणि निर्लेखनाच्या यादीसाठी भाऊसाहेबांनी जूनच्या पहिल्या आठवड्याची तारीख दिली आहे.

कुणी बॅटवर काम सुरू करणार असेल तर पावसाळ्याबद्दल एवढं लक्षात ठेवा: वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, ताण दोन स्वर उतरवून ठेवा, आणि कापलेल्या टोकाच्या उघड्या लाकडावर पॉलिशचे तीन हात तरी द्या, बॅट पाणी पिते ती तिथूनच.